‘ऑन रोल’ की ‘ऑफ रोल’? भरतीच्या मेसेजमधल्या ‘ऑन’चे नेमके अर्थ

छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरच्या बिडकीनमधलं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. कारखाने आले की भरतीचे मेसेज येतात आणि त्यात इंग्रजीतला ‘ऑन’ सारखा भेटतो. शाळेत आपण ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ एवढंच शिकलो. पण नोकरीच्या भाषेत तेवढ्याने भागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा ‘ऑन रोल’. रोल म्हणजे नावांची यादी; ‘रोल नंबर’मधला रोल तोच. ऑन रोल म्हणजे तुमचं नाव थेट कंपनीच्या पटावर. ‘ऑफ रोल’ असाल तर काम त्याच कंपनीत, कदाचित त्याच मशीनवर, पण कागदोपत्री तुमचा मालक ठेकेदार. पगार तो देणार, पीएफही त्याच्याच नावाने भरला जाणार. त्यामुळे मेसेजमध्ये मोठ्या कंपनीचं नाव दिसलं, तरी ऑफर लेटरवर कुणाचं नाव आहे ते आधी बघा. हातावर पोट असणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

‘ऑन होल्ड’ म्हणजे नकार नाही, पण निवडही नाही. निर्णय थांबवलाय. तेवढ्या भरवशावर हातातली नोकरी सोडू नका. ‘ऑन प्रोबेशन’ म्हणजे कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ.

‘ऑन द स्पॉट’ जरा फसवं आहे. ‘ऑन द स्पॉट इंटरव्ह्यू’ म्हणजे तिथल्या तिथे मुलाखत. पण कुणी तुम्हाला ‘पुट ऑन द स्पॉट’ केलं, तर चारचौघांत अवघड प्रश्न विचारून पेचात पकडलं, असा अर्थ होतो. सुपरवायझरने ‘आर वी ऑन द सेम पेज?’ विचारलं, तर पान नंबर शोधायचा नाही. सगळ्यांना एकच गोष्ट सारखीच समजली आहे ना, एवढंच तो विचारतोय.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेला, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी. (हजेरीच्या मशीनवरचा ‘इन टाइम’ वेगळाच, ती तुमची आत शिरल्याची वेळ.)

आपला ‘वर’ही काही कमी नाही म्हणा. रजेवर, कामावर, मनावर घेणं, जिवावर येणं, यातलं काहीच टेबलावरच्या पुस्तकासारखं ‘वर’ नसतं. आणि ‘ऑन पेपर’ तर आपल्याला मुळीच समजावून सांगावं लागत नाही. ऑन पेपर आठ तास म्हणजे कागदावर आठ तास. प्रत्यक्षात किती, ते तिथे आधीपासून काम करणाऱ्याला विचारा.