हिंदू कोड बिल आणि लोकांचा कौल

लोकांना नकोसा कायदा लोकशाहीतला म्हणायचा का? मला तरी हिंदू कोड बिलच आठवतं. घटस्फोट, मुलींना वारसाहक्क... केवढा गदारोळ! राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचं म्हणणं, ही संसद थेट लोकांनी निवडलेलीच नाही. मुद्दा बिनतोड, मान्य! बिल रखडलं, १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. मग पहिल्या निवडणुकीत प्रभुदत्त ब्रह्मचारी याच मुद्द्यावर नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि पडले. १९५५-५६ मध्ये बिलाचे चार तुकडे करून कायदे झाले.

म्हणजे कौल मिळाला? अर्धाच म्हणेन मी. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता फक्त ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच लिहवलं होतं.