विद्यापीठ, कारखाना आणि मॅग्नेट्रॉन

शास्त्रीय शोधांचा इतिहास सांगतांना शोधकाचें नांव आणि शोधाचें साल एवढें दिलें कीं आपलें काम संपलें, असा पाठ्यपुस्तकें लिहिणारांचा समज दिसतो. वाफेचें इंजिन म्हटलें कीं वॅट, बिनतारी संदेश म्हटला कीं मार्कोनी. ही पद्धत परीक्षार्थी विद्यार्थ्यास सोयीची आहे खरी. पण शोध लागणें ही एक गोष्ट आणि तो शोध लोकांच्या उपयोगीं पडणें ही दुसरी, व या दोहोंमधला रस्ता कोणीं बांधला हें तिच्यांत कधींच कळत नाहीं. त्या रस्त्याचीच हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिच्यासाठीं निवडलेली वस्तु म्हणजे मॅग्नेट्रॉन नांवाची लहानशी तांब्याची निर्वात नळी. दुसऱ्या महायुद्धांतील रडारचें हृदय तीच होती, आणि आज ज्या स्वयंपाकघरांत मायक्रोवेव्ह ओव्हन असतो तेथें तिचीच धाकटी बहीण आंत बसून अन्न ऊन करीत असते.

प्रथम अडचण काय होती तें सांगितलें पाहिजे. विद्युत्-लहरी आखूड करणें हें काम नवें नव्हतें. हर्ट्झ यांनीं १८८८ च्या सुमारास हातभर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या, आणि १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींचे प्रयोग करून दाखविले होते. परंतु ठिणगीपासून निघालेल्या या लहरी अगदीं क्षीण असत. त्या टेबलावरून पलीकडे जात, आकाशांतील विमानास धडकून परत येण्याचें बळ त्यांत नसे. उलट लांब लहरींत बळ होतें, पण त्यांना नेमकी दिशा देणें कठीण. महायुद्धाच्या आरंभीं इंग्लंडच्या किनाऱ्यावर जे रडारचे मनोरे उभे होते ते साडेतीनशें फुटांच्या आसपास उंच होते. असा मनोरा विमानाच्या नाकांत बसवितां येत नाहीं, हें सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाहीं. लहर दहा सेंटिमीटरांची असावी आणि तरीही तिच्यांत हजारों वॉटांचा जोर असावा, हा खरा प्रश्न होता.

१९३९ सालीं ब्रिटिश नौदलखात्यानें हें काम बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानशाखेकडे सोंपविलें. तेथील मुख्य प्राध्यापक मार्क ऑलिफंट यांचा भरंवसा क्लायस्ट्रॉन नांवाच्या दुसऱ्या एका नळीवर होता. ही नळी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रसेल व सिगर्ड व्हॅरियन या भावांनीं १९३७ सालीं सिद्ध केली होती, आणि तिची कथाही आमच्या विषयास सोडून नाहीं. या दोघांपैकीं एक पदार्थविज्ञान शिकलेला, दुसरा विमान चालविणारा. विद्यापीठानें त्यांस पगार दिला नाहीं. प्रयोगशाळेचा उपयोग, सामानसुमानाकरितां शंभर डॉलर आणि तेथील विल्यम हॅन्सन या शास्त्रज्ञाची सोबत एवढें दिलें, व त्याच्या बदल्यांत पेटंटच्या उत्पन्नांत वांटा ठरविला. पुढें स्परी कंपनीनें पैसा घातला. शंभर डॉलरांत एवढें फळ पदरांत पाडून घेतलेलें दुसरें विद्यापीठ आमच्या ऐकिवांत नाहीं! क्लायस्ट्रॉनचें वर्णन १९३९ सालीं छापून प्रसिद्ध झालें, आणि विद्युत्-लहरी धातूच्या बंद पोकळींत घुमवावयाच्या ही कल्पना त्याबरोबर समुद्रापलीकडे पोंचली.

बर्मिंगहॅमच्या मंडळींत जॉन रँडॉल व हॅरी बूट हे दोघे होते. त्यांच्याकडे दुय्यम काम आलें होतें. रँडॉल हे मुळांत विद्यापीठांतले नव्हतच. १९२६ पासून १९३७ पर्यंत अकरा वर्षें त्यांनीं वेंब्ली येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत दिव्यांसाठीं लागणाऱ्या प्रकाशमान भुकटीवर काम केलें होतें, आणि मग रॉयल सोसायटीची शिष्यवृत्ति मिळून ते बर्मिंगहॅमास आले. ही गोष्ट चरित्रकार एका ओळींत उरकतात. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. कारण, पुढें ज्या वाटेनें शोध कारखान्याकडे जावयाचा होता त्या वाटेनें हा माणूस आधींच एकदां उलट चालून आलेला होता.

१९३९ च्या नोव्हेंबरांत या दोघांनीं जुन्या मॅग्नेट्रॉनची आणि नव्या क्लायस्ट्रॉनची सांगड घातली. मॅग्नेट्रॉन हें नांव अमेरिकेंतील आल्बर्ट हल यांनीं १९२१ सालीं दिलें होतें. तो एका कारखान्याच्याच प्रयोगशाळेंतील शोध. त्यांत मध्यें तापलेली तार असते, भोंवतीं धातूचें कडें, आणि चुंबकाच्या ओढीनें तारेंतून निघालेले इलेक्ट्रॉन सरळ कड्याकडे न जातां मध्यल्या मोकळ्या जागेंत गरगर फिरतात. रँडॉल व बूट यांनीं काय केलें, तर कडें जाड तांब्याच्या ठोकळ्याचें घेतलें, त्यांत सभोंवार सहा भोंकें पाडलीं आणि प्रत्येक भोंकास मध्यल्या जागेकडे उघडणारी एक अरुंद फट ठेवली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली म्हणजे ती घुमते. तसे फिरणारे इलेक्ट्रॉन या फटींवरून गेले म्हणजे भोंकांतून विद्युत्-लहरी घुमूं लागतात. लहरीची लांबी भोंकाच्या मापावर ठरते, आणि ठोकळा तांब्याचा असल्यामुळें कितीही तापला तरी पाण्यानें थंड करतां येतो. २१ फेब्रुवारी १९४० रोजीं ही नळी प्रथम चालली. लहरी ९.८ सेंटिमीटरांच्या होत्या व शक्ति अंदाजें ४०० वॉट भरली. शक्ति मोजण्यासाठीं जोडलेले मोटारीचे दिवे एकामागून एक जळून गेले, यावरून त्या दोघांच्या चेहऱ्यांची वाचकांनीं कल्पना करावी.

पाठ्यपुस्तकाचा इतिहास येथें संपतो. पण रँडॉल व बूट हे या कल्पनेचे एकटे धनी नव्हत. लेनिनग्राड येथें आलेक्सेयेव्ह व मल्यारोव्ह यांनीं १९३६-३७ मध्येंच अशा पोकळ्यांची नळी करून नऊ सेंटिमीटरांवर ३०० वॉट मिळविले होते. त्यांचा लेख १९४० सालीं रशियन मासिकांत छापलाही गेला. जपानांत एका रेडिओ कंपनीनें नौदलाच्या साहाय्यानें १९३९ सालीं दहा सेंटिमीटरांवर ५०० वॉटांची मजल गांठली होती, म्हणजे बर्मिंगहॅमच्या आधीं आणि बर्मिंगहॅमहून अधिक. जर्मनींत हॉलमन यांनीं पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनचें पेटंट १९३५ सालींच मागितलें होतें. तरीही हें शस्त्र हातीं आलें तें इंग्लंड व अमेरिका यांच्याच. हें कशामुळें झालें, याचें उत्तर आम्हांस बुद्धीच्या तारतम्यांत सांपडत नाहीं. तें बर्मिंगहॅमनंतरच्या सहा महिन्यांत सांपडतें.

बर्मिंगहॅमची नळी म्हणजे प्रयोगशाळेंतील जनावर होतें. तिचे सांधे मेणानें बुजविलेले, हवा काढणारा पंप तिला सतत जोडलेला, आणि चुंबक मोठा अवजड. ती विमानांत नेणें म्हणजे विहीर खांद्यावर घेऊन प्रवासास निघण्यासारखें. एप्रिल १९४० मध्यें हें काम वेंब्लीच्या त्याच प्रयोगशाळेकडे, रँडॉल यांच्या जुन्या घरींच, देण्यांत आलें. तेथें एरिक मेगॉ हे कित्येक वर्षें मॅग्नेट्रॉनवरच काम करीत होते. नळ्या कशा बंद कराव्या, धातूस कांच कशी चिकटवावी, आंतील हवा काढून ती कायमची बाहेर कशी ठेवावी, ही विद्या पुस्तकांत नसते. ती दिव्यांच्या कारखान्यांत पिढ्या घालवून हातांत मुरलेली असते. मेगॉ यांनीं सोन्याच्या तारेचें कडें दाबून सांधे पक्के केले, पाण्याऐवजीं वाऱ्यानें थंड होणारीं पंखें लाविलीं, आणि चुंबक उचलण्याजोगा केला.

तेवढ्यांत तिसरी मदत आली ती पॅरिसहून. तेथील एका कंपनीचे मोरिस पाँत हे मे १९४० मध्यें, जर्मन फौजा फ्रान्सवर तुटून पडण्याच्या अगदीं तोंडावर, आपल्या नळ्या घेऊन वेंब्लीस आले. त्यांच्या नळींत साध्या तारेऐवजीं ऑक्साइडचा लेप दिलेलें जाड ऋणाग्र होतें. नुसत्या तारेपेक्षां हें ऋणाग्र क्षणभराच्या झटक्यांत कितीतरी अधिक इलेक्ट्रॉन सोडतें, आणि रडारला तर झटकेच हवे असतात. मेगॉ यांनीं तें आपल्या नळींत बसविलें, आणि शेंकडों वॉटांची गोष्ट पाहतां पाहतां कित्येक हजार वॉटांवर गेली. पुढें कांहीं आठवड्यांतच पॅरिस पडलें.

आतां ज्या प्रसंगासाठीं आम्हीं ही सारी हकीकत मांडली तो प्रसंग. ऑगस्ट १९४० च्या अखेरीस हेन्री टिझर्ड यांचें शिष्टमंडळ अमेरिकेस निघालें. इंग्लंडजवळ कारखाने पुरेसे नव्हते. म्हणून आपलीं गुपितें अमेरिकेस मोकळ्या हातानें देऊन टाकावीं, असा निर्णय झाला होता. ई. जी. बाउएन या तरुण शास्त्रज्ञाच्या ताब्यांतील एका पेटींत वेंब्लीची बारा क्रमांकाची नळी होती. ६ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत ती चालवून पाहिली, आणि अमेरिकन इंजिनिअर थक्क झाले; त्यांच्याजवळील कोणत्याही नळीपेक्षां तिची शक्ति अनेक पटींनीं मोठी होती. नक्कल करण्याच्या हेतूनें त्यांनीं तिचें क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें. छायाचित्रांत भोंकें आठ दिसलीं. बरोबर आणलेल्या नकाशांत मात्र सहाच होतीं!

बाउएन यांची तारांबळ उडाली. त्यांच्या आठवणींप्रमाणें, अखेर इंग्लंडला टेलिफोन करून मेगॉ यांस विचारावें लागलें, तेव्हां उलगडा झाला: पहिल्या दहा नळ्या सहा भोंकांच्या केल्यावर अकरावीला सात व बारावीला आठ भोंकें पाडून पाहिलीं होतीं, आणि नेमकी तीच बारावी पेटींत गेली होती. या गोष्टीस कोणी गंमत म्हणेल. आमच्या मतें या इतिहासाचें सार तींत आहे. नकाशा विद्यापीठास समजतो, छायाचित्रही समजतें. पण नळी नकाशाच्या पुढें कां गेली तें करणाऱ्यालाच ठाऊक असतें, आणि तें जाणून घ्यावयाचें तर त्याला विचारण्याची सोय आणि संवय असावी लागते. युद्धाच्या ऐन धुमाळींत समुद्रापलीकडून एका कारखान्यांतील इंजिनिअरास असा प्रश्न विचारतां आला, व त्यानें तो सरळ सांगितला. जपानांत भूदल आणि नौदल एकमेकांपासूनच गोष्टी लपवीत होते. रशियन लेख छापला गेला, पण इंग्रजींत तो १९४४ सालीं आला. पाश्चात्य देशांतही पेटंटाच्या भिंती कांहीं कमी उंच नव्हत्या, हेंही येथें सांगितलें पाहिजे. त्या त्या वेळेपुरत्या उतरल्या, एवढेंच.

अमेरिकेंतील पुढील घडामोडी वेगानें झाल्या. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांत रेडिएशन लॅबोरेटरी या नांवाची संस्था १९४० च्या शरदृतूंत उघडली. तिच्यांत अणुगर्भाचा अभ्यास करणारे प्राध्यापक विद्यापीठाविद्यापीठांतून येऊन दाखल झाले, आणि युद्ध संपेपर्यंत तेथें काम करणारांची संख्या चार हजारांच्या घरांत गेली. नळ्या करण्याचें काम प्रथम बेलकडे होतें. पण भरभराट झाली ती शेजारच्या रेथिऑन नांवाच्या त्या वेळच्या लहानशा कंपनीची. ही कंपनी १९२२ सालीं स्थापन करणारांत व्हॅनेव्हर बुश हे याच विद्यापीठाचे प्राध्यापक होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तेथील पर्सी स्पेन्सर यांचें शाळेचें शिक्षण पुरतें झालेलें नव्हतें. घन तांब्याच्या ठोकळ्यांत केसाच्या अचूकपणानें भोंकें पाडण्यांत कसबी कामगारांचा किती वेळ जातो हें पाहून त्यांनीं पातळ पत्र्यांवर साच्यानें भोंकें पाडलीं, ते पत्रे एकावर एक रचले आणि चांदीच्या डाकानें सांधले. युद्धाच्या अखेरीस रेथिऑनमध्यें दिवसास दोन हजारांहून अधिक नळ्या होऊं लागल्या. चार हजार पंडितांच्या मेळ्यांत ही युक्ति सुचली ती शाळा सोडलेल्या माणसास! आम्ही शिकविण्याचा धंदा करणारे लोक कारखान्याची पायरी चढणें कमीपणाचें मानतों, व कारखानदार आम्हांस बिनकामाचे समजतात; दोघांनींही स्पेन्सर यांचें चरित्र एकदां वाचावें.

विद्यापीठाचें देणें मात्र पहिल्या नळीनें फिटलें नव्हतें. मॅग्नेट्रॉन मधूनच एका लहरीवरून दुसरीवर उडी मारी, आणि शक्ति वाया जाई. १९४१ सालीं बर्मिंगहॅमच्याच जेम्स सेयर्स यांनीं एकाआड एक असलेले तांब्याचे दांते तारेच्या तुकड्यांनीं जोडले. उड्या थांबल्या, आणि तीच नळी कितीतरी अधिक शक्ति देऊं लागली. म्हणजे कारखान्यांत गेलेला प्रश्न पुन्हा विद्यापीठांत आला व उत्तर घेऊन परत कारखान्यांत गेला.

या नळीनें काय केलें तें सर्वांस माहीत आहे. १९४३ च्या वसंतांत अटलांटिक महासागरावर पाण्यावर आलेल्या जर्मन पाणबुड्या तिनें विमानांस अंधारांतून दाखविल्या, आणि इंग्लंडास अन्न नेणारीं जहाजें वांचलीं. तिनेंच ढगांखालचीं जर्मन शहरेंही दाखविलीं, आणि त्यांवर बॉंब पडले. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत असें एक विमान रॉटरडॅमजवळ कोसळलें. त्यांतील यंत्र बर्लिनला टेलिफुंकेन कंपनीकडे नेण्यांत आलें. तेथें तें कळावयास वेळ लागला नाहीं, पण गमावलेलीं वर्षें भरून निघालीं नाहींत.

युद्ध संपल्यावर हिशेब झाले. १९४९ सालीं ब्रिटनच्या पारितोषिक-मंडळानें रँडॉल, बूट व सेयर्स या तिघांस मिळून ३६,००० पौंड दिले. तिघेही बर्मिंगहॅमचे, मेगॉ यांचें नांव त्यांत नव्हतें. नळी त्यांची नव्हती, ती त्यांनीं केवळ करून दाखविली, असा कांहींसा विचार यामागें असावा. आम्हांस तो पटत नाहीं. मेगॉ यांनीं तक्रार न करतां १९४६ सालीं विद्युत्-इंजिनिअरांच्या संस्थेच्या मासिकांत या नळीच्या आरंभीच्या दिवसांचा वृत्तांत लिहिला, व १९५६ सालीं ते वारले. बूट व रँडॉल यांनीं आपली बाजू लिहिली ती १९७६ सालीं. हे दोन लेख शेजारीं ठेवून वाचावे. एकांत वेंब्लीचा कारखाना भरलेला आहे, दुसऱ्यांत बर्मिंगहॅमची खोली. आणि बारा क्रमांकाची नळी दोहोंच्या मधल्या वाटेवर कोठें तरी आहे.