नाबोथाचा मळा आणि मुळशीचं खोरं : बायबल नीतीचा आधार होऊ शकतं का?



बायबलमधून नीतिमूल्यं घेता येतात का, हा आजचा विषय. मुळशी तालुक्यात बसून हा प्रश्न कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. इथे प्रश्न आहेत ते पाण्याचे, जमिनीचे, धरणात गेलेल्या गावांचे. पण आम्हाला वाटतं, हा प्रश्न चर्चच्या आवारात जितका नीट कळेल, त्याहून अधिक इथे कळेल. कारण मुळशीशी हुबेहूब जुळणारी एक गोष्ट बायबलच्या जुन्या करारात आहे. तिथूनच सुरुवात करू.

पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. इज्रेल गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा आहे. मळा नेमका अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. राजा सुरुवातीला जबरदस्ती करत नाही, हे लक्षात घ्या. तो म्हणतो, याच्याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या भाषेत सांगायचं तर पर्यायी जमीन किंवा मोबदला. नाबोथ नकार देतो. ही माझ्या वाडवडिलांची जमीन, ती मी देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. राजा रुसून बसतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल सूत्रं हातात घेते. राजाच्या शिक्क्याची पत्रं जातात, खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथावर देवनिंदेचा आणि राजद्रोहाचा आरोप येतो, त्याला दगडांनी ठेचून मारतात आणि मळा राजाचा होतो. सगळं कागदोपत्री, कायद्याच्या चौकटीत! शेवटी एलीया संदेष्टा राजासमोर उभा राहतो आणि विचारतो, खूनही केलास आणि वर जमीनही बळकावलीस?

नाबोथाचा नकार हा नुसता हट्ट नव्हता. लेवीय नावाच्या पुस्तकात जमिनीचा कायदा आहे. जमीन कायमची विकायची नाही, ती देवाची आहे, माणूस तिच्यावर पाहुणा आहे, आणि दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, ती मूळ कुटुंबाकडे परत जायची. हा कायदा प्रत्यक्षात किती पाळला गेला तो भाग वेगळा. पण जमीन म्हणजे केवळ किंमत नव्हे, हा विचार तिथे लिहून ठेवलेला आहे.

आता मुळशीकडे या. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीला धरण बांधायचं होतं. पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, त्यातून वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची. त्यासाठी आंबेमोहर पिकवणारं खोरं पाण्याखाली जाणार होतं, सुमारे पन्नास गावं. जमीन घेण्यासाठी 1894 चा भूसंपादन कायदा होताच. 1921 च्या रामनवमीला मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच मिळाली. 'जान किंवा जमीन' ही इथली घोषणा. नाबोथाचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी नाबोथाची गोष्ट वाचून सत्याग्रह केला, असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी दिवस निवडला तो रामनवमीचा. वाडवडिलांची जमीन जबरदस्तीने घेणं हा अन्याय आहे, हे कळायला त्यांना बायबलची गरज पडली नाही. म्हणजे आपल्या प्रश्नाच्या एका भागाचं उत्तर इथेच मिळालं. नीती बायबलमधूनच येते, बायबलशिवाय ती येत नाही, हा दावा टिकत नाही.

दुसरा भाग अवघड आहे. बायबलमधून नीती घेता *येते* का? इथे सांभाळून बोलायला हवं. ज्या ग्रंथात नाबोथ आहे त्याच ग्रंथात यहोशवाचं पुस्तक आहे. त्यात इस्राएल लोक कनान देशात शिरतात, यरीहो शहर घेतात आणि तिथले पुरुष, बायका, म्हातारे, पोरं, गुरंढोरं सगळी मारतात. तेही देवाच्या आज्ञेने. त्या लोकांच्या वाडवडिलांची जमीन नव्हती का? नाबोथ काय म्हणाला ते बायबलमध्ये लिहून ठेवलंय. यरीहोतले बहुतेक लोक काय म्हणाले, ते नाही. एकाच ग्रंथात जमीन राखणाऱ्याची बाजू आहे आणि जमीन घेणाऱ्याचीही.

याचे परिणाम इतिहासात दिसतात. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी झाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात बायबल होतं. दक्षिणेतले धर्मोपदेशक पौलाच्या पत्रांकडे बोट दाखवायचे, कारण दासांनी धन्याचं ऐकावं असा उपदेश तिथे आहे. गुलामगिरीविरोधक मोशेकडे बोट दाखवायचे, ज्याने मिसरातून गुलामांना सोडवलं. ग्रंथ एकच. मग निवड कोण करत होतं? वाचणारा.

महाराष्ट्रात हा वाद मोठ्या जोमाने झाला आणि तो इथल्या मातीतला झाला. 1857 च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. ऐकायला गर्दी व्हायची. बुवांची भूमिका अशी की वेदोक्त धर्मात सगळं आहे, बाहेरून काही आणायची गरज नाही. समोर मिशनऱ्यांची भूमिका अशी की सत्य आहे ते आमच्या ग्रंथात. दोघं भांडत होते, पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, ते म्हणजे नीतीचं मूळ ग्रंथात असतं. वाद फक्त कोणता ग्रंथ, एवढाच.

हा मुद्दाच ज्यांनी बदलला ते जोतीराव फुले. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. मिशनऱ्यांबद्दल त्यांना कृतज्ञता होती. येशूला त्यांनी बळीराजाच्या परंपरेत बसवलं, आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी बळीराजाहून मोठं नाव कोणतं? पण जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. 1847 च्या सुमारास त्यांनी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. हा पेन म्हणजे बायबलची कठोर चिकित्सा करणारा माणूस! 1873 साली 'गुलामगिरी' आलं, ते जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. म्हणजे बायबल हातात असलेल्या दोन बाजूंपैकी कोणती बाजू नीतीची, हे त्यांनी स्वतः ठरवलं. आणि त्यांच्या पश्चात 1891 साली छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कुटुंब आहे. आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून निर्णय घ्यायचा, कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही. प्रत्येक धर्मपुस्तकात त्या त्या काळाला धरून काही सत्य असतं, पण पूर्ण सत्य कोणत्याही एकात नाही, असं ते मांडतात. ग्रंथ असू द्या, पण तो घरातल्या माणसांपेक्षा मोठा नको.

आता तुम्ही म्हणाल, हे बाहेरून बघणाऱ्याचं झालं. जिने बायबलवर पूर्ण श्रद्धा ठेवली, तिचं काय? त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे जावं लागेल. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन आहे.

रमाबाई संस्कृतच्या पंडिता. पुराणं, धर्मशास्त्रं त्यांच्या जिभेवर. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांना लंडनमध्ये फुलमला नेलं होतं. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे भगिनी काम करत होत्या. इतकी करुणा कुठून आली, असा प्रश्न रमाबाईंना पडला, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली. जिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्याकडे येशू विहिरीवर पाणी मागतो. शिवाशिव काय असते हे माहीत असलेल्या मराठी बाईला या गोष्टीचा अर्थ इंग्रज भगिनींपेक्षा जास्त कळला असेल, असं आम्हाला वाटतं.

पण बाप्तिस्मा झाल्यावर लगेच भांडण सुरू झालं. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचे मतांगीकार, बिशपांचा अधिकार. रमाबाईंनी हे सगळं जसंच्या तसं गिळायला नकार दिला. भगिनी जेराल्डिन आणि त्यांचा पत्रव्यवहार आज छापील रूपात वाचायला मिळतो. त्यात रमाबाई नम्र आहेत, पण वाकत नाहीत. पुरोहितांच्या एका जोखडातून मुश्किलीने सुटले, ते दुसऱ्या पुरोहितांपुढे मान तुकवायला नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे. बघा, श्रद्धा आहे, पण विवेक गहाण टाकलेला नाही. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल त्यांनी एकटीने आणलं. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण निघालं. ग्रंथ पुरोहिताच्या हातातून काढून वाचणारीच्या हातात देणं, हे त्यामागचं काम.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शारदा सदन पुण्यात असताना 1893 मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून वाद पेटला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं आश्वासन असताना हे कसं, हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. उलट बाजूने, त्या विधवा मुलींना आसरा द्यायला दुसरं कोण पुढे आलं होतं, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. करुणेला अट असावी का? बायबल मानणाऱ्यांना बायबलच्याच आधाराने हा प्रश्न विचारता येतो. तो शोमरोनी बाईला पाणी मागणारा काय म्हणाला असता?

पुन्हा मुळशीला येऊ. गांधीजींनी लंडनला विद्यार्थी असताना बायबल वाचलं. जुन्या करारात त्यांना झोप यायची, पण डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं. ते त्यांनी गीतेशेजारी ठेवलं. 1921 मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी मुळशीच्या बाजूने लिहिलं, टाटांना फेरविचार करायला सांगितलं. पण पुढे मुळशीत प्रश्न असा आला की एका गालावर मारली तर दुसरा पुढे करायचा, हे कुणी कुणाला सांगायचं? बरीच जमीन सावकारांकडे. पुण्यात बसलेल्यांना मोबदल्याचा सौदा परवडणारा होता, कसणाऱ्याला नव्हता. 1924 च्या अखेरीस सेनापती बापटांनी अहिंसेची चौकट सोडली, रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. ते बरोबर की चूक, हे इथे आम्ही ठरवत नाही. एवढंच म्हणतो, की क्षमेचा उपदेश बुडणाऱ्याला करण्याआधी बुडवणाऱ्याला जाब विचारावा लागतो. एलीयाने तेच केलं होतं. तो नाबोथाच्या विधवेला सहन कर म्हणून सांगायला गेला नाही, राजाकडे गेला.

डॉ. आंबेडकरांनी धर्माला लावलेली एक कसोटी इथे उपयोगी पडते. 1950 साली बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना ते म्हणतात की धर्म बुद्धीला पटला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे, आणि त्याने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. शेवटची अट गरिबांना धन्य म्हणणाऱ्या प्रवचनाला टोचणारी आहे. टोचू द्यावी. ही कसोटी आम्ही बायबललाच लावतो असं नाही, ती गीतेला, मनुस्मृतीला, कुराणाला, सगळ्यांना लावायची.

मग शेवटी उत्तर काय? आम्हाला ते बायबलमध्येच सापडतं, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात. देव सदोम शहराचा नाश करायला निघतो. अब्राहाम त्याला अडवतो. निरपराध पन्नास असतील तर? पंचेचाळीस? तीस? दहा? बाजारात घासाघीस करावी तसा तो देवाशी घासाघीस करतो. जगाच्या न्यायाधीशानेच न्याय करायचा नाही का, असं तो तोंडावर विचारतो. आणि देव त्याला शिक्षा करत नाही, उत्तर देतो. न्याय म्हणजे काय हे त्या क्षणी अब्राहामाला कोणत्या ग्रंथातून कळलं? तेव्हा ग्रंथ नव्हता. त्याच्याकडे होती ती माणसाची सदसद्विवेकबुद्धी.

म्हणून आमचं म्हणणं असं. बायबल मूल्यांचा उगम नाही, पण मूल्यांचा साक्षीदार होऊ शकतं, आणि फार चांगला साक्षीदार. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. तो कुठे बोलतो ते ऐकायचं, कुठे गप्प बसतो तेही बघायचं. नाबोथाच्या बाजूने तो बोलतो, ते घ्यावं. यरीहोबद्दल तो गप्प आहे, तिथे आपण बोलावं.

मुळशीचं धरण झालं. पाणी आजही भिऱ्याला उतरतं आणि मुंबईचे दिवे लागतात. खाली गेलेल्या गावांच्या वंशजांपैकी काहीजण आज समोर बसलेले असतील. कोणताही ग्रंथ मांडीवर घ्या, पण तो वाचताना एवढंच विचारा, की यात माझ्या आजोबांची बाजू कुठे लिहिलीय? आणि मी ज्यांची जमीन, पाणी, संधी वापरतोय, त्यांची बाजू कुठे लिहिलीय? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. नीतीची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.