शेजाऱ्याची पायवाट आणि वीस वर्षांचा हिशेब

साताऱ्यातील पेठा असोत वा सांगलीचा गावभाग, जुन्या घरांच्या परसातून शेजाऱ्यांनी जाणे-येणे ही पूर्वी तक्रारीची बाब नव्हती. वाड्याचे वाटे पडले किंवा परसाची जागा विकली गेली, की त्याच पायवाटेवरून वाद उभा राहतो. ‘जागा माझी, भिंत घालीन तेव्हा घालीन’ असे मालक गृहीत धरतो. कायदा मात्र ही वाट किती वर्षे चालू आहे, हे आधी विचारतो.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार दुसऱ्याच्या खासगी जागेतील वाट उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि अखंड वीस वर्षे वापरणाऱ्यास वहिवाटीचा हक्क प्राप्त होतो. मालकी जात नाही. पण वाट अडविता येत नाही.

यातील ‘हक्क म्हणून’ हे शब्द कळीचे आहेत. मालकाच्या परवानगीने होणारी ये-जा कितीही वर्षे चालली, तरी तीतून असा हक्क निर्माण होत नाही. म्हणून भिडेखातर गप्प राहण्यापेक्षा, ही ये-जा आपल्या संमतीने व तात्पुरती आहे, असे दोन ओळींचे पत्र शेजाऱ्याच्या सहीने घेऊन ठेवावे. मागताना संकोच वाटतो खरा! नुसत्या नोटिशीने मात्र वीस वर्षांचा काळ खंडित होत नाही. वाट प्रत्यक्ष बंद व्हावी लागते, आणि ते कळूनही शेजाऱ्याने वर्षभर मुकाट्याने सोसलेले असावे लागते.

भिंत घालण्यापूर्वी खरेदीखतातील चतुःसीमा, वाटणीपत्र आणि मिळकत पत्रिका तपासावी. हद्दीबाबत शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. वाटणीमुळे एखाद्या हिश्शाला दुसरी वाटच उरली नसेल, तर कलम १३ चा गरजेपोटीचा हक्क लागू होतो. तेथे वीस वर्षांची अट नाही.

अनेक जण तहसीलदारांकडे धाव घेतात. परंतु १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम शेतजमिनीच्या वाटांसाठी आहे. घराच्या आवारासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३२९ खाली फौजदारी तक्रार करता येते. पण त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकाविण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू दिसावा लागतो. रोज दूध आणायला परसातून जाणाऱ्या शेजाऱ्याबाबत तो सिद्ध करणे अवघडच.

वाट बंद झालेल्या शेजाऱ्यालाही स्वस्थ बसून चालत नाही. त्याची वीस वर्षे दाव्याच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात.