कण्ह यादीत नाही

मी जुन्नरचा. पोटासाठी पुण्यात संगणकाचं काम करतो. मध्यंतरी क्लाऊडवरच्या एका वर्कफ्लोत मी साधीच तपासणी लिहिली होती: अर्जातला तालुका आमच्या यादीत आहे का? असला तर अर्ज पुढे, नसला तर परत. गूगलच्या वर्कफ्लोत त्यासाठी 'इन' एवढा एक शब्द पुरतो. पहिल्याच दिवशी आंबेगावचे अर्ज धडाधड परत गेले. यादीत 'आंबेगाव', लोकांनी लिहिलेलं जुन्या वळणाचं 'आंबेगांव'. एका अनुस्वारापायी अख्खा तालुका गायब! मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कचेऱ्या घोडेगावात. उरलं होतं ते नाव, तेही मी परत पाठवलं.

त्या शनिवारी नाणेघाटात गेलो. लेण्याच्या मागच्या भिंतीवर आमच्या भागातली सर्वात जुनी यादी आहे, दोन हजार वर्षांपलीकडची. सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे तिथे ओळीने कोरलेले होते. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. डोक्यावरची ब्राह्मी नावं मात्र आहेत. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. मग 'कुमार भाय...' आणि पुढे दगडच गेलाय. त्यानंतर महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवर यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशेब: कुठे 1,700 गाई, कुठे 24,400 कार्षापण नाणी. हे आकडे 1876 च्या सुमारास भगवानलाल इंद्रजींनी लावले आणि भारतीय अंकांच्या इतिहासात आमच्या घाटाला जागा मिळाली.

आता माझीच तपासणी या भिंतीला लावा. ज्या राणीला आपण 'नागनिका' म्हणतो, ती आहे का? नाही. कारण इथलं नाव 'नायनिका' असं वाचलं गेलंय. बाई तीच, अक्षर वेगळं. हा माझा अनुस्वारच झाला.

'कण्ह' आहे का? तोही नाही, आणि हे 'नाही' जड आहे. पुराणांत सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण, म्हणजे हाच कण्ह, गादीवर बसतो आणि सातकर्णी हा कृष्णाचा मुलगा ठरतो. पण मुलाच्या घरच्या भिंतीवर बापच नसावा? म्हणून बऱ्याच अभ्यासकांनी पुराणांची वंशावळ बाजूला ठेवली आणि सातकर्णीला सिमुकाचा मुलगा मानलं. एका नावाच्या गैरहजेरीवर एका राजाचा बाप बदलला.

मला हा निष्कर्ष पटतो. तुटलेली जागा कुमार आणि महारठी यांच्यामध्ये येते. तिथे राजा कशाला उभा करतील? तरी ती भिंत फुटकी आहे, आणि 'यादीत नाही' व 'वाचता येत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. सोमवारी मी वर्कफ्लोत तिसरी वाट घातली: नाव जुळलं नाही तर अर्ज परत न जाता एका माणसाच्या टेबलावर जातो. आंबेगांववाले आता अडत नाहीत.

कण्हाचं नाव बघायचं असेल तर नाणेघाट चढू नका. नाशिकला पांडवलेणीत जा, 19 क्रमांकाच्या लेण्यात. तिथे ते स्पष्ट कोरलेलं आहे.