तिमोर-लेस्ते : देश आणि लोक

आशिया खंडात कॅथलिक बहुसंख्य असलेले देश दोनच. त्यांपैकी फिलिपिन्स वाचकांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्या, म्हणजे तिमोर-लेस्तेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस तिमोर हे डोंगराळ बेट आहे. त्याचा पश्चिम भाग बहुतांशी इंडोनेशियाचा, तर पूर्व भाग या देशाचा. अताउरो व जाको ही छोटी बेटे आणि पश्चिमेस एकाकी पडलेला ओएकुसी हा प्रदेशही त्यातच मोडतो. क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२२च्या जनगणनेनुसार १३ लाखांहून अधिक, राजधानी दिली. मलय भाषेत ‘तिमूर’ म्हणजे पूर्व आणि पोर्तुगीजमध्ये ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्वच!

१७३९ पर्यंत वसईवर ज्यांचा अंमल होता, त्याच पोर्तुगीजांनी येथे १९७५ पर्यंत राज्य केले. तरीही त्या वर्षी येथील कॅथलिक अल्पसंख्यच होते. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले आणि नऊच दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य उतरले. पुढील २४ वर्षांत युद्ध, उपासमार व रोगराई यांनी एक लाखाहून अधिक बळी घेतले.

याच काळात जनता ख्रिस्तसभेकडे वळली. प्रत्येकाने मान्यताप्राप्त धर्मांपैकी एकाची नोंद करावी, असा शासनाचा नियम होता, हे एक कारण. आमच्या मते त्याहून मोठे कारण भाषेचे. पोर्तुगीज भाषेवर बंदी आली, तेव्हा ख्रिस्तसभेने उपासनेसाठी इंडोनेशियन न स्वीकारता १९८१ साली लोकांची तेतुम भाषा वेदीवर आणली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी मोतायल चर्चमधील मिस्सानंतर सांताक्रूझ दफनभूमीकडे गेलेल्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला. त्याचे चित्रीकरण जगापुढे आले.

३० ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात ७८ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनानंतर २० मे २००२ रोजी प्रजासत्ताक प्रत्यक्षात आले. राष्ट्राध्यक्षांना जनता पाच वर्षांसाठी थेट निवडते. कारभार मात्र पंतप्रधान व एकसदनी संसदेच्या हाती असतो. तेतुम व पोर्तुगीज या राजभाषा आहेत. चलन अमेरिकन डॉलर. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा देश आसियानचा अकरावा सदस्य झाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साला तासितोलू येथे सुमारे सहा लाख भाविक जमले. मात्र सरकारने त्यासाठी केलेल्या खर्चावर देशातच टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. सरकारचे मुख्य उत्पन्न समुद्रातील तेल व वायूचे होते. ते साठे आटत आले आहेत. पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या बालकांची वाढ कुपोषणामुळे खुंटलेली आहे.