अभिरूप न्यायालय
अभिरूप न्यायालय : विधिमहाविद्यालयांत विद्यार्थ्यांस वकिली युक्तिवादाचे शिक्षण देण्यासाठी कल्पित खटल्याच्या आधारे भरविले जाणारे न्यायासन. इंग्लंडातील ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकीलसंस्थांत मध्ययुगात भरणाऱ्या वादसभांत या पद्धतीचे मूळ आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांनुसार अभिरूप न्यायालय व उमेदवारी यांचे १०० गुणांचे प्रात्यक्षिक अनिवार्य असून, त्यांपैकी ३० गुण अभिरूप न्यायालयास, ३० दिवाणी व फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहण्यास, ३० अशिलाची मुलाखत, खटलापूर्व तयारी व उमेदवारीची रोजनिशी यांस आणि १० तोंडी परीक्षेस आहेत.

या योजनेतील खरी उणीव अशी, की अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धांतून गाजणारा युक्तिवाद बहुधा अपिलाच्या स्वरूपाचा, म्हणजे वस्तुस्थिती निर्विवाद धरून केवळ कायद्याच्या मुद्द्यांवर केलेला असतो. परंतु तालुक्याच्या न्यायालयात दाव्याचे भवितव्य पुष्कळदा साक्षीदाराच्या जबानीवर, पंचनाम्यातील एखाद्या विसंगतीवर आणि दस्तऐवज शाबीत होतो की नाही यावर अवलंबून असते. अपेक्षित उत्तर सुचविणारा प्रश्न सरतपासणीत प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या अनुज्ञेवाचून विचारता येत नाही, उलटतपासणीत मात्र तो विचारण्याची मुभा असते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील हा भेद १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तो केवळ पाठांतराने अंगी बाणत नाही. त्यासाठी सहाध्यायांस साक्षीदार करून, मूळ जबाब हाती ठेवून, प्रश्न पुन:पुन्हा रचावे लागतात, आणि हरकत कोणत्या क्षणी घ्यावी हेही त्याच सरावात उमगते.